सहा नंबरचं रडकं मशीन

जेवणाच्या सुट्टीत शहाणी माणसं कॅन्टीनकडे जातात. करिष्मा सिम्युलेशन लॅबकडे निघाली होती. दारापाशी पोचली, आणि आतून आवाज आला —

"आई गंऽऽ!"

ती थबकली.

"आई गं… मेलो मेलो…"

आवाज पुरुषाचा होता, तरुण होता, आणि चांगलाच कळवळलेला होता. डेंटल कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीनं अशा वेळी दार ढकलून आत धावावं, अशी समाजाची अपेक्षा असते. करिष्मानं दाराची मूठ धरली, सोडली, आणि आपल्याऐवजी धावायला दुसरं कुणी मिळतंय का, ते कॉरिडॉरभर पाहून घेतलं. कुणी नव्हतं. भिंतीवर संस्थापकांचा फोटो तेवढा होता, आणि ते धावपळीच्या पलीकडे गेले होते.

शेवटी तिनं एक डोळा मावेल एवढंच दार उघडलं.

आत नेहमीसारखी मशीनं ओळीनं मांडलेली. एसी चालू. लॅबमधला एसी मशीनसाठी होता; विद्यार्थ्यांना तो योगायोगानं लागायचा. आणि मधोमध स्टुलावर एक मुलगा बसलेला. अंगात कुठल्याशा कंपनीचा निळा टी-शर्ट, पायांत जाडजूड सेफ्टी शूज, हातात माइक. त्यानं डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि माइकला जीव तोडून सांगितलं, "आऽऽई गं!" मग डोळे उघडून लॅपटॉपकडे पाहत स्वतःशीच पुटपुटला —

"नको. हे बाळंतपणाचं झालं."

करिष्माला हसू फुटलं. तो दचकून वळला.

"या ना मॅडम, या. दुखत नाहीये मला."

"मग ओरडताय कशाला?"

"पगार मिळतो," तो म्हणाला.

त्याचं नाव समाधान. मशीनं ज्या कंपनीनं बसवली, त्या कंपनीचा इंजिनिअर. आणि त्याचं ओरडणं, त्यानं अतिशय गंभीरपणे समजावून सांगितलं, हा सरळसरळ अधिकृत कामाचा भाग होता.

त्याचं असं झालं होतं. ही मशीनं परदेशातून आलेली. डोळ्यांवर चष्मा चढवला की समोर दात दिसायचा. हातातल्या पेनानं तो कोरायला लागलं की पेन हाताला खरंखुरं जाणवायचं — चांगल्या दातावर दगडासारखं, किडक्या जागी लोण्यासारखं. आणि जास्त दाबलं की आतला पेशंट ओरडायचा. पण तो "आउच!" असं ओरडायचा. आणि पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्यात "आउच" म्हणणारा पेशंट आजवर कुणीही पाहिलेला नव्हता. मुलं ते ऐकून थांबायची नाहीत, उलट खुशीत यायची. म्हणून संस्थेनं कंपनीला कळवलं, की पेशंट मराठी करून मिळावा. कंपनीनं साउंड स्टुडिओचा खर्च ऐकला आणि समाधानला माइक दिला.

"हा कसा वाटतो बघा," म्हणून त्यानं तिला एक विव्हळणं ऐकवलं.

करिष्मानं डोकं तिरपं करून ऐकलं. "असं कुणी ओरडत नाही."

"मग कसं ओरडतात?" त्यानं लगेच लॅपटॉप पुढे ओढला. जणू कुणी खजिन्याची जागा सांगणार होतं.

"ओरडतच नाहीत. आपल्याकडे येणारे निम्मे कंपनीतले. रात्रपाळी करून येतात, हूं की चूं करत नाहीत. फक्त…" ती थांबली. "पायाची बोटं वळवतात. अशी." तिनं हाताची बोटं आत मुडपून दाखवली. "चप्पल खाली पडते कधीकधी. चप्पल पडली की समजायचं, लागलं."

समाधान तिच्या बोटांकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

"पण तुम्ही दाताच्या ना?"

"व्हायचेय अजून."

"मग पायांकडं कशाला बघता?"

प्रश्न साधा होता. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर निव्वळ कुतूहल होतं. रिमोट उघडून आतल्या स्प्रिंगा बघणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर असतं तसलं. करिष्मानं नजर लॅपटॉपकडे वळवली.

"तुम्ही चहा घेता?" ती म्हणाली.

"विषय बदलला तुम्ही."

"घेता का?"

"…घेतो."

कॅन्टीनमध्ये विमलबाईंनी दोघांकडे एकदा, आणि मग नुसत्या करिष्माकडे दोनदा पाहिलं, आणि चहात आलं जास्त टाकलं. करिष्मा कपाआडून त्याचं निरीक्षण करत होती. धंद्याचा भाग म्हणून, असं तिनं स्वतःला बजावलं. तो चहा उजव्या बाजूनंच पीत होता. मान जराशी कलती, घोट अलगद, बिस्किटही उजवीकडेच.

"खरं दुखलं की तुम्ही काय म्हणता?" तिनं विचारलं.

"मी?" त्यानं कप खाली ठेवून खरोखरच विचार केला. तिला ते आवडलं. बहुतेक माणसं प्रश्न संपायच्या आत उत्तर देतात. "मी… 'माय' म्हणतो. 'अगं माय'. लातूरकडचा आहे ना मी. पण साहेब म्हणले, ते नको, इकडचं पाहिजे. 'आई गं' कर."

"म्हणजे तुमचं रडणं भाड्याचं आहे."

"चाकणला खोली बी भाड्याचीच आहे," तो म्हणाला. "चालतंय."

ती हसली. मोठ्यानं, दात दिसतील असं. तिच्या वर्गातल्या मुली असं हसत नाहीत. एकमेकींचे दात तपासले जातात हे त्यांना माहीत असतं.

*

करिष्मा पायांकडे बघायची, कारण तोंडाकडे बघायची तिला भीती वाटायची.

ही गोष्ट तिच्या घरी कुणाला माहीत नव्हती. घर माण गावचं. आयटी पार्क यायच्या आधी तिथं त्यांची ज्वारी असायची. आता काचेच्या इमारती होत्या, आणि तिचे वडील ज्योतीराम त्या इमारतींना पाण्याचे टँकर पुरवायचे. पोरीला ॲडमिशन मिळाली त्या आठवड्यात त्यांनी चौकात फ्लेक्स लावला होता — वरती देव, मग नेते, मग चुलते, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जागा उरली तेवढ्यात, करिष्मा. तिच्या फोटोशेजारी एक भला मोठा दात होता. तो हसत होता. ती नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं. पण मारुंजीत त्यांनी दवाखान्यासाठी गाळाही घेऊन ठेवला आणि बोर्डही रंगवून घेतला — 'डॉ. करिष्मा'. बोर्ड बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून उभा होता. जेवायला बसलं की तो नेमका समोर यायचा.

"आगं, बोर्ड कवाच तयार हाय," ज्योतीराम फोनवर म्हणायचे. "तू कवा व्हतीस तेवडं सांग."

"होतेय आण्णा."

"न्हाई, म्हंजे घाई न्हाई. पर लोकं इचारत्यात."

आणि इकडे करिष्माचं असं चाललं होतं, की तिसऱ्या वर्षी पहिला जिवंत पेशंट खुर्चीत आला, एमआयडीसीतला एक वॉचमन. तिनं ड्रिल दाढेला लावलं. तो नुसता खाकरला. तिनं ड्रिल खाली ठेवलं, "मॅडमना बोलावते हं," म्हणाली, आणि लायब्ररीत जाऊन बसली. वॉचमन बिचारा तोंड उघडं ठेवून वाट बघत राहिला. दुसऱ्या वेळी पेशंट एक आजीबाई होत्या. त्या वेळी ती किमान सांगून तरी पळाली.

विभागप्रमुख ढमाले मॅडम ओरडणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि म्हणूनच सगळे त्यांना घाबरायचे. त्यांनी तिला शांतपणे सांगितलं होतं, "शुक्रवारी एक दाढ. जिवंत माणसाची, पूर्ण भरून. नाहीतर या वर्षी परीक्षेला बसायचं नाही. पेशंट तूच आण."

पेशंट स्वतः आणायची रीतच होती. मुलं रिक्षावाले, मेसच्या मावश्या, घरमालक, जो तोंड उघडेल त्याला पकडून आणायची. करिष्मानं विमलबाईंना पटवलं होतं. मशीनवरचा सराव दुप्पट केला होता. पण मशीनही तिला रोज तेच सांगायचं, की बाई, तुझा हात जड आहे.

रोल नंबरप्रमाणे तिला सहा नंबरचं मशीन मिळालं होतं. हे थोडं लग्नासारखं होतं. एकदा मिळालं की बदलून मिळत नाही. तिनं पेन टेकवलं की ते "आउच" म्हणायचं. पेन हलवलं की "आउच". इतर बॅचमधली सहा नंबरवर बसणारी मुलं सरळ आवाज बंद करून काम उरकायची. करिष्माला ते जमलं नाही. पेशंटचं तोंड दाबून त्याचा दात कोरायचा, हे तिला बरं वाटेना, मग तो पेशंट यंत्रातला का असेना. ती वर्षभर त्याचं सगळं रडणं ऐकून घेत आली होती. हळू, आणखी हळू, पिसासारखं… इतकं हळू, की एक दाढ कोरायला तिची जेवणाची सुट्टी जायची. आणि मग खुर्चीत खरा माणूस बसला, की तिच्या कानात आधीच रडणं सुरू व्हायचं.

*

दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये गेली तेव्हा समाधान सगळ्या मशीनमध्ये आपले आवाज भरून बसला होता.

"बरं झालं आलात. बोटं वळवायचा आवाज काही मिळाला नाही. पण चप्पल पडल्याचा घेतला." त्यानं कळ दाबली. फट्. "माझीच आहे. खोलीवरची."

"खरंच घेतलात?"

"तुम्हीच तर सांगितलं." मग जरा घुटमळून — "एक मशीन तपासून देता? मला ड्रिल धरता येत नाही. तुमचं कुठलं?"

"सहा."

ती बसली. चष्मा चढवला. पेन उचललं, सवयीनं श्वास रोखला आणि दाढेला टेकवलं. नुसतं टेकवलं.

"आई गं!" सहा नंबर समाधानच्या आवाजात कळवळलं.

तिचे कान तापले. आजवर निदान कुणी परका इंग्रजीत ओरडायचा. आता ओळखीचा माणूस ओरडत होता.

"पाहिलंत?" तिनं चष्मा काढला. "माझा हात असा आहे. जड."

समाधान स्टूल ओढून जवळ आला. तो तिच्या हाताकडे बघत होता. काल तिच्या हसण्याकडे बघत होता तसं नव्हे. कपाळाला आठी घालून, यंत्राकडे बघतात तसं.

"इकडं या," तो म्हणाला. "चार नंबरवर बसा."

"माझं सहा आहे."

"कुणी मारत नाही. बसा."

ती बसली. पेन टेकवलं. शांतता. तिनं पेन फिरवलं, तसंच, पिसासारखं. शांतता.

"हे बिघडलंय," ती म्हणाली.

"अजून दाबा."

"नको. लागेल."

"कुणाला? मी इथं बसलोय. दाबा."

तिनं दाबलं. दातावर साधा ओरखडा उठला. "अजून," तो म्हणाला. तिनं ओठ मुडपून आणखी दाबलं, आणि पहिल्यांदाच पेन दगडातून लोण्यात गेलं, सरसर, किडका भाग निघत गेला… आणि कुणीही रडलं नाही.

करिष्मानं हात थांबवला. चष्मा काढायचा राहून गेला.

"हे काय आहे?"

समाधान सहा नंबरच्या पाठीमागे गेला होता. त्यानं लॅपटॉप जोडला, काहीतरी उघडलं, आणि आकडे वाचत खाली गेला. मग तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मॅडम… हे उद्घाटन आहे."

"काय?"

"उद्घाटन. गेल्या वर्षीचं."

मग सगळं बाहेर आलं. लॅबच्या उद्घाटनाला एक वजनदार भाऊ येणार होते. फीत कापायची, नारळ फोडायचा, आणि मग भाऊंनी सहा नंबरवर एक दात कोरायचा असा कार्यक्रम ठरला होता. आदल्या दिवशी भाऊंच्या माणसानं सराव करून पाहिला. पेन धरून तो नुसता गुदगुल्या केल्यासारखा करत राहिला आणि मशीन काही बोलेना. फोटोवाले खोळंबणार. तेव्हा साहेबांनी समाधानला सांगितलं, किती दाबलं की रडायचं ती पट्टी खाली आण, हात लागला की ओरडलं पाहिजे. समाधान तेव्हा चाकणच्या कारखान्यातून नुकताच या कंपनीत आला होता. त्यानं पट्टी पार तळाला नेली. दुसऱ्या दिवशी भाऊंनी पेन टेकवलं, मशीन "आउच" म्हणालं, भाऊ "सॉरी" म्हणाले, टाळ्या पडल्या. मग चहा झाला, पेढे झाले. पट्टी तळालाच राहिली.

"म्हणजे वर्षभर," ती सावकाश म्हणाली, "मी भाऊंच्या उद्घाटनात बसले होते."

"…हो."

"आणि मला वाटत होतं, माझाच हात…" तिनं चष्मा उपसून काढला. राग होता, की हसू, की रडू, हे तिचं तिलाच ठरवता येईना. "दोन पेशंट टाकून पळाले मी! त्या वॉचमनला तोंड उघडं ठेवून सोडून आले. परवा माझी परीक्षा जायची वेळ आलीये, आणि हे… हे नारळ फोडण्यामुळे?"

तो उभा होता. त्यानं साहेबांचं नाव पुढे केलं नाही, की विसरलो म्हणून हात वर केले नाहीत. तो म्हणाला, "पण एक सांगू? चाकणला मी रोबोटचे हात लावायचो. गाडीच्या हेडलाइटची काच उचलायचे. त्या हाताला कळत नसतंय, किती धरायचं. आपण आकडा द्यायचा — इथवर. पुढं गेलास तर फुटेल. महिना महिना जायचा तो आकडा सापडायला." त्यानं सहा नंबरकडे बघितलं. "या मशीनवर दाढ पूर्ण कोरणारा माणूस मी पाहिला नाही. याच्यावर कोरताच येत नाही, मॅडम. तुम्ही रोज कोरायलात."

करिष्मानं आपल्या हाताकडे पाहिलं. चुलत्याच्या वरातीत हात नाचवणारा, आण्णांसारखा रुंद पंजा असलेला, हाच तो हात. तिला तो जरा नवीन वाटला.

"डाव्या बाजूला काय आहे?" ती एकदम म्हणाली.

"कुठं?"

"तुमच्या तोंडात. चहा उजवीकडून पिता. बिस्किटही."

"तुम्ही तर पायांकडं बघता म्हणालात!"

"विषय बदलला तुम्ही."

मशीनला रडायला शिकवणारा हा माणूस दातांच्या डॉक्टरकडे आयुष्यात एकदाही गेला नव्हता. डाव्या खालच्या दाढेत होळीपासून ठणका होता. लवंग ठेवून तो दिवस काढत होता.

"भीती वाटते," त्यानं कबूल केलं. "हसू नका."

"नाही हसत," करिष्मा म्हणाली. "मलाही वाटते."

*

शुक्रवारी सकाळी विमलबाईंनी निरोप धाडला की त्यांची दाढ देवाच्या कृपेनं आपोआप थांबली आहे. शुक्रवारी सकाळी पुष्कळांच्या दाढा थांबतात.

करिष्मा क्लिनिकमध्ये रिकाम्या खुर्चीजवळ उभी होती. रांगेतल्या बाकीच्या खुर्च्यांवर माणसं होती. ढमाले मॅडम एकेका खुर्चीपाशी थांबत येत होत्या. मारुंजीचा गाळा, तो बोर्ड, फ्लेक्सवरचा हसणारा दात, सगळं तिच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेलं.

"इथं बसायचं का?"

तिनं वळून पाहिलं. समाधान. दाढी केलेली, केस ओले. चेहरा पांढराफटक.

"तुम्ही…? अहो, पण तुम्हाला भीती—"

"आहे की. ती सोबत आणलीय." तो खुर्चीवर चढला, आडवा झाला, आणि पाय लांब केले.

करिष्माची नजर सवयीनं तिकडे गेली. सेफ्टी शूज नव्हते. पायात साध्या रबरी चपला होत्या. आणि बाहेर तर पाऊस भुरभुरत होता, चाकणहून बाइकवर येताना त्याचे पाय चिखलानं भरले होते.

"आज बूट नाही घातले?" तिनं विचारलं.

"बोटं दिसायला पाहिजेत ना तुम्हाला," तो छताकडे बघत म्हणाला.

करिष्मानं मास्क वर ओढला. काही वेळा मास्क फार सोयीचा असतो.

"लागलं तर डावा हात वर करायचा," ती म्हणाली. हे वाक्य ती पाठ करून आली होती, पण बाहेर आलं तेव्हा पाठ केल्यासारखं वाटलं नाही. "मी थांबेन. लगेच."

तिनं भूल दिली. ओठ बधिर व्हायची दोघांनी वाट पाहिली. त्याचे डोळे तिच्याकडे होते. इतक्या जवळून तिनं आजवर फक्त दाताचे डोळे पाहिले होते… म्हणजे दाढा. काय पाहिलं होतं ते तिला त्या क्षणी नीट आठवेना.

तिनं ड्रिल उचललं. टेकवलं.

"आई गंऽऽ!"

करिष्मा गोठली.

आवाज त्याचाच होता. अगदी त्याचाच. पण त्याचं तोंड उघडं होतं, आत कापूस होता, आणि जीभ जागच्या जागी होती.

"आई गं! मेलो मेलो…"

कॉरिडॉरपलीकडून येत होता. लॅबमध्ये खालच्या वर्गाचं प्रॅक्टिकल सुरू झालं होतं, आणि मशीनमधून समाधान पहिल्यांदाच एकसाथ कळवळत होता. एक मशीन तर थांबायलाच तयार नव्हतं. आई गं, आई गं, आई गं… मधूनच चप्पल पडली. फट्.

तिचा हात मागे यायला लागला. लायब्ररी कुठल्या बाजूला आहे, हे तिच्या पायांना पाठ होतं.

तेवढ्यात तिला आठवलं. हा 'आई गं' म्हणतच नाही. हा 'माय' म्हणतो.

तिनं खाली पाहिलं. चिखलानं भरलेली बोटं सैल होती. चपला जागेवर होत्या. पलीकडे तो गळा काढून रडत होता आणि इथं तो तिच्याकडे बघत होता, शांत, जरासा घाबरलेला, आणि पुढे काय होतंय ते बघायला उत्सुक.

करिष्मानं दाबलं. दगड. आणखी जरा… आणि लोणी.

किडका भाग निघत गेला. पलीकडचं रडणं कधी मागे पडलं, कळलं नाही. खोलवर पोचली तेव्हा ती पिसासारखी हलकी झाली. तिथं वर्षभराचं उद्घाटन कामाला आलं. नसेच्या अगदी जवळ, कागदाएवढी भिंत ठेवून—

डावा हात वर झाला.

तिनं त्याच क्षणी ड्रिल बाहेर घेतलं. "लागलं?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मग?"

त्यानं हात खाली घेतला आणि डोळ्यांनीच खूण केली — चालू द्या.

*

ढमाले मॅडमनी आरशात दाढ पाहिली. पुन्हा पाहिली. मग पेशंटकडे पाहिलं, तो कोण आहे ते ओळखलं, आणि ओळखल्याचं दाखवलं नाही.

"दाढ जिवंत आहे, पेशंट जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "बस परीक्षेला." आणि पुढच्या खुर्चीकडे वळता वळता, "वेळ बराच लागला. पण लागू दे."

करिष्मानं मास्क खाली घेतला. समाधान उठून बसला होता, गालाला हात लावून, स्वतःचाच ओठ परक्याचा असल्यासारखा चाचपत.

"हात का वर केलात मघाशी?" तिनं विचारलं. "लागलं नव्हतं, तर?"

"वघायचं होतं," तो अर्ध्या ओठानं म्हणाला.

"काय?"

"थांवतेस का."

तो काय म्हणाला हे तिला कळलं, आणि तो 'थांबता' नाही, 'थांबतेस' म्हणाला हेही कळलं. ती उगाचच ट्रेमधली हत्यारं सरळ करत राहिली. ती आधीच सरळ होती.

मग तिचा हात थांबला. "ते एक मशीन सारखं रडत होतं. सहा नंबर होतं ना?"

समाधान खिडकीबाहेर बघायला लागला.

"दुरुस्त नाही केलंत?"

"आज माझं काम संपतंय इथलं," तो म्हणाला, शब्द जुळवत. "परत एकदम वर्षानं. म्हणलं, सहा नंबर तसंच राहू दे. तक्रार जाईल. तक्रार गेली की कंपनी मलाच धाडते."

कुणी आपल्याला भेटण्यासाठी यंत्र बिघडलेलं ठेवतं, हे ऐकून करिष्माला हसू आलं. पण ते फार वेळ टिकलं नाही.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"चला म्हणते ना!"

लॅबमध्ये सहा नंबरवर एक बारीकशी मुलगी बसली होती. श्वास रोखून, खांदे कानाला लावून. आवाज तिनं बंद केला नव्हता. समाधाननं तिला पाहिलं, आणि लॅपटॉप काढला.

"ऊठ जरा," करिष्मा त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "तुझा हात चांगला आहे. याचं डोकं फिरलंय."

पट्टी जागेवर यायला फार वेळ लागला नाही. मुलीनं पेन टेकवलं. सहा नंबर गप्प राहिलं. मुलीनं वळून दोघांकडे असं पाहिलं, की समाधाननं मान खाली घातली.

बाहेर भुरभुर चालूच होती. गेटजवळ कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स भिजत लटकला होता. समाधाननं बाइकच्या सीटवरचं पाणी बाहीनं पुसलं, मग परत पुसलं. सीट कोरडी होण्याची काही शक्यता नव्हती.

"झालं," तो म्हणाला. "आता तक्रारीला काही राहिलं नाही."

"सहा आठवड्यांनी दाढ दाखवायला यायचं," करिष्मा म्हणाली. "नस जवळ आहे. बघावी लागेल."

"सहा आठवडे."

"गरम चहा प्यायचा नाही, ओठ जागा होईपर्यंत. डाव्या बाजूनं आज चावायचं नाही. आणि… भूल उतरल्यावर दुखलं तर फोन करायचा."

त्यानं किक मारली नाही. हेल्मेट हातातच होतं. रिमोट उघडून आतल्या स्प्रिंगा बघणारा तोच चेहरा. "अन् नाही दुखलं तर?"

करिष्मानं त्याच्या पायांकडे पाहिलं. रबरी चपलेत, चिखलात, बोटं घट्ट आत वळलेली होती.

"तरी कर," ती म्हणाली.

त्याचा अर्धा ओठ अजून बधिर होता, त्यामुळे तो अर्धाच हसला. पण ते तिला पुरलं. वर मान करून ती त्याच्या तोंडाकडेच बघत होती.